अबाधित

कागदी पिशवीवर लिहिलं : जागा दोन, अबाधित.
पेन्सिलीनं. शाई घामानं पसरते.
एप्रिल, सकाळचे साडेसात,
आणि नान्नजच्या माळावर सावली म्हणजे
हिवराखाली पडलेलं विरलेलं जाळं.

जागा एक कुंपणाच्या बाहेर.
तिथं मुरमाचे ट्रॅक्टर, शेळ्यांच्या वाटा,
सरपणाला छाटलेल्या बोरी, गुटख्याच्या पुड्या.
टाचेखाली जमीन फुटते
करपल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी.
उकळून घेतलेल्या चमच्यानं मी
वरची पाच सेंटीमीटर खरवडली.
शेळ्यांमागची पोरगी बघत होती.
"एवढीशीच? ह्यात चूलपण सारवून व्हायची नाही की ओ."

प्रयोगशाळेत येमूलमामा काचा धुतात.
वडील चादरीच्या मागावर, आई विड्या वळायची,
स्वतः बारा वर्षं रंगाच्या हौदावर,
कारखाना बंद पडला तेव्हा इकडे.
चाळीस फ्लास्क त्यांनी खिडकीत मांडले,
दुपारी वीज गेली की पडदा सारायचा,
आली की पुन्हा ओढायचा,
जशी काही आत लेकरं निजलीत.

सोळाव्या दिवशी काचेच्या कडेला
नखानं ओढावी तशी हिरवी रेघ.
मेलेली म्हणून आणलेली माती
नुसती तहानलेली निघाली.

मी भिंगाला डोळा लावून मोजत गेले :
मण्यांच्या माळेसारखं नॉस्टॉक,
डायटमच्या काचेच्या होड्या,
क्लोरेलाचे एकटे एकटे ठिपके.
जागा दोन : एकतीस प्रकार.
जागा एक : नऊ. त्यातही बहुतेक एकच,
ऑसिलेटोरिया, सरळ, निळसर, हलत राहणारा.

मामांना दाखवलं. बराच वेळ वाकून होते.
"हे सूत आहे," म्हणाले.
"त्या काचेत पिळाचं, बिनपिळाचं, गाठीचं, सगळं.
ह्या काचेत एकाच नंबरचं.
एका नंबरवर माग चालतो, बाई.
नक्षी उठत नाही."

जूनमध्ये पुन्हा गेले, दुसऱ्या फेरीचे नमुने घ्यायला.
वनरक्षक गैबीसाब मुजावर पिशवी वाचत थांबले.
"अबाधित म्हंजे?"
म्हटलं, ज्याला कुणी हात लावला नाही ते.
ते हसले नाहीत.
कुसळी गवत पायानं बाजूला केलं.
खाली उतारावर आडवी, सरळ, बुजत आलेली चर,
तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी.
"बहात्तरची. दुष्काळी काम.
तवा इथं काडी नव्हती, नुसता फुफाटा.
अम्मी सुकडीवर खणायची.
इथपासून…" चालत गेले, अकरा पावलं,
"…इथवर तिचं माप. पुढचं शेजारणीचं."

मी जिथं गुडघे टेकले होते
ते शेजारणीच्या मापात येत होतं.
एकतीस प्रकार तिथलेच.
कुदळ लागलेल्या, उलथून टाकलेल्या,
मग नुसत्या विसरून गेलेल्या जमिनीतले.

तक्त्यात रकाने दोनच होते.
मॅडम म्हणाल्या, शब्द बदलायचा तर कारण लिही, संदर्भ दे.
अकरा पावलांचा संदर्भ कसा देतात
मला माहीत नाही.
पेन्सिलीनं लिहिलं होतं, म्हणून बरं.
खोडलं. रबराचा चुरा आणि माती
टेबलावर एकाच रंगाची झाली.
"आता नाव काय घालू?" मामांनी विचारलं.
सध्या नुसता नंबर.

जागा एकचे फ्लास्क
मोजून झाले होते, धुवायला दिले होते.
ऑगस्टच्या एका सकाळी पाहिलं तर
एक अजून खिडकीत,
तळाशी, निळसर धाग्यांच्या आडून,
मण्यामण्यांचं काहीतरी.
दहावं.

"धुवायचा राहिला," मामा म्हणाले,
ज्यांच्या हातून आजवर
एक काच राहिलेली नाही.